मिठीचं खाजण कुठे गेलं?

मी टेंभुर्णीचा. आमच्याकडे पूर म्हटलं की उजनीतून भीमेत सोडलेलं पाणी आठवतं. पण आजचा इतिहास मुंबईचा आहे. का, ते शेवटी कळेल.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. आपल्या सोलापूर जिल्ह्यात अख्ख्या वर्षात सरासरी एवढा पडत नाही! एकट्या मुंबईत चारशेहून जास्त माणसं गेली.

आता मिठी नदी बघा. विहार आणि पवई तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन ती माहीमच्या खाडीत जाते. तिच्या तोंडाशी खाजण होतं. म्हणजे भरतीला पाण्याखाली जाणारी, ओहोटीला चिखल दिसणारी, तिवरांची जमीन. भरती आली की नदीचं पाणी समुद्रात उतरत नाही, त्याला थोडा वेळ थांबायला जागा लागते. खाजण ती जागा द्यायचं. तिवरांची मुळं गाळ धरायची, लाटांचा जोर मोडायची. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत हा बफर. तो काढून टाकला की पाणी लोकांच्या घरात शिरतं.

आणि तो काढला आपणच. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला, खाडीचं तोंड आवळलं. १९७० च्या दशकापासून वांद्रे-कुर्ला संकुलासाठी भराव पडला. विमानतळासाठी नदी वळवली, आवळली. ज्यांना दुसरीकडे जागाच परवडत नव्हती, त्यांच्या झोपड्या काठावर आल्या. २६ जुलैला पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली, तेव्हा कुर्ला, कलिना बुडाले.

एक खरं, ९४४ मिलिमीटर कुठल्याही शहराला जड गेला असता. खाजण असतं तर पूर आलाच नसता असं नाही. पण पाण्याला पसरायला जागा राहिली असती.

ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरतोडीवर बंदी घातली. २०१२ मध्ये सरकारने कांदळवन कक्ष काढला. शहाणपण आलं, पण माणसं गेल्यावर.

आता आपल्याकडे या. समुद्र नाही, पण ओढे आहेत, नदीकाठच्या सखल जमिनी आहेत. पावसाळ्यात तेच आपलं खाजण. तेव्हा प्लॉट बघायला गेलात की भाव विचारण्याआधी गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "आजोबा, पूर्वी पाणी इथूनच जायचं का हो?"