सशाची साक्ष

जखमेतलं रक्त थांबेना की ‘हिमोफिलिया’ म्हणावं, असा रिवाज होता. पण हिमोफिलिया बहुधा पुरुषांना होतो. मग १९२४ साली ऑलंड बेटांवरून हेलसिंकीला आणलेल्या पाच वर्षांच्या मुलीचं काय? डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांनी १९२६ मध्ये तिचा आजार निराळा म्हणून मांडला. ती मुलगी मात्र तेराव्या वर्षी रक्तस्रावानेच गेली.

निराळा खरा, पण ओळखावा कसा? रक्त गोठवणारा आठवा घटक दोन्हींत कमीच भरे. १९७१ मध्ये अमेरिकेत झिमरमन, रॅटनॉफ आणि पॉवेल यांनी माणसाच्या रक्तातलं हे प्रथिन सशाला टोचलं. सशाच्या अंगात ते ओळखणारी प्रतिपिंडं तयार झाली. त्यांची साक्ष काढली, तर हिमोफिलियात प्रथिन पुरेसं, विलेब्रांडच्या आजारात तुटपुंजं!

पुढे उलगडा झाला. प्रतिपिंडांनी ओळखलं होतं ते आठव्या घटकाला वाहून नेणारं, सांभाळणारं दुसरंच प्रथिन. हमाल नसला की मालही टिकत नाही. म्हणून श्रोतेहो, आज उपचारापूर्वी डॉक्टर विचारतात : उणीव मालाची, की हमालाची?