‘ओसाड’ सडा आणि मोजणीबाहेरचा समुद्र : अणुवीज-विरोधाची तीन स्थळे

भारतातील अणुवीज-विरोधाचा इतिहास आजवर बहुधा दोन अंगांनी मांडला गेला. एक अंग धोरणाचे : आंतरराष्ट्रीय करार, निर्मितीक्षमता, सुरक्षा-नियमन, अपघाताचे दायित्व. दुसरे अंग अपघातांचे : १९८६ चे चेर्नोबिल, २०११ चे फुकुशिमा आणि त्यांचे भारतीय पडसाद. दोन्ही मांडण्यांत प्रकल्पस्थळीचा माणूस उपस्थित असतो खरा; पण तो दूरच्या घटनेला प्रतिसाद देणारा, दुसऱ्याने पुरविलेल्या ज्ञानावर वा भयावर चालणारा असा असतो. कैगा, जैतापूर आणि कुडनकुलम येथील संघर्षांकडे त्यांतील शब्दव्यवहाराच्या बाजूने पाहिले, तर निराळे चित्र दिसते. जमिनीला आणि पाण्याला काय म्हणावे, नुकसान कोणाचे होते असे धरावे, हा वाद अणूविषयीच्या वादाइतकाच, काही ठिकाणी त्याहून जुना होता. या वादाने आंदोलनांची ताकद जशी ठरविली, तशी त्यांची मर्यादाही.

तिन्हींत कैगा तुलनेने कमी बोलले गेलेले. उत्तर कन्नड जिल्ह्यात, काळी नदीच्या खोऱ्यातील दाट अरण्यात हे केंद्र उभारण्याचे ठरले, तेव्हा त्याच नदीवरील जलविद्युत-धरणांमुळे विस्थापन म्हणजे काय हे त्या खोऱ्याला ठाऊक होऊ लागले होते. विरोधाच्या अग्रभागी कन्नड कादंबरीकार शिवराम कारंत होते. १९८९ च्या लोकसभा निवडणुकीत, वयाची सत्याऐंशी वर्षे पूर्ण झालेली असताना, ते कारवारकडील मतदारसंघातून उभे राहिले आणि पराभूत झाले. साहित्यिकाने आंदोलनास पाठिंब्याचे पत्रक देणे वेगळे आणि स्वतः मते मागणे वेगळे. ‘चोमन दुडी’ (१९३३) ही कारंतांची कादंबरी स्वतःची जमीन कसण्याची आस धरणाऱ्या अस्पृश्य वेठबिगाराची आहे. त्यांच्या कथाविश्वात माती हे उत्पन्नाचे साधन कमी आणि माणसाच्या ओळखीचा आधार अधिक असते. कैगाविषयीची त्यांची भूमिका या विश्वाशी सुसंगत होती, एवढे म्हणता येते. कादंबरीतून आंदोलन उगवले असे म्हणणे मात्र समीक्षकाचा मोह ठरेल. १३ मे १९९४ रोजी बांधकाम चालू असतानाच एका अणुभट्टीच्या आतील घुमटाचा काही भाग कोसळला. तरीही २००० साली केंद्राची व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. मराठी वाचकाला कारवार परिचित आहे तो मुख्यतः सीमाप्रश्नामुळे. एकाच मुलखाविषयी शेजारच्या दोन भाषांतील समाज किती भिन्न प्रश्नांनी अस्वस्थ असू शकतात, हे तौलनिक अभ्यासकाने येथे नोंदवून ठेवावे.

जैतापूरचा वाद याहून थेट शब्दाशी येऊन भिडतो. जैतापूर हे खाडीकाठच्या गावाचे नाव. प्रकल्पाची सुमारे ९३८ हेक्टर जमीन मात्र राजापूर तालुक्यातील माडबन आणि लगतच्या निवेली, करेल, मिठगवाणे या गावांकडची. प्रत्येकी १,६५० मेगावॉटचे सहा फ्रेंच संच, एकूण ९,९०० मेगावॉट, असा हा आराखडा. भूसंपादन २०१० च्या जानेवारीपर्यंत सक्तीने पुरे झाले, तेव्हा सुमारे २,३०० खातेदारांपैकी बहुसंख्यांनी मोबदल्याचे धनादेश नाकारले होते. प्रकल्पाच्या बाजूने जे वर्णन वारंवार केले गेले ते असे, की या जमिनीचा मोठा भाग ओसाड आहे.

‘ओसाड’ हे वर्णन खोटे म्हणून सोडून देणे सोपे आहे. ते कोठून आले हे पाहणे अधिक उपयोगाचे. कोकणात ज्याला सडा म्हणतात, ते जांभ्या दगडाचे पठार मार्च-एप्रिलमध्ये पाहणाऱ्यास खरोखरच उजाड दिसते. तोच सडा पावसाळ्यात गवताने आणि रानफुलांनी झाकला जातो, त्यावरील खोलगट जागी साचलेल्या मातीत भात होते, गुरे तेथेच चरतात, आणि कातळात मुरलेले पाणी खालच्या वाड्यांच्या विहिरींना मिळते. कातळ फोडून, बाहेरून माती आणून त्यात हापूसची कलमे लावण्याची मेहनत या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. महसुली भाषेत यातील काही जमीन ‘वरकस’, म्हणजे भाताखेरीज नाचणी-वरीची, गवताची आणि राबासाठी टाळ तोडण्याची. काही ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीस अयोग्य ठरल्यामुळे आकारणीतून वगळलेली. हे शब्द मुळात सारा किती घ्यावा हे ठरविण्यासाठी होते. जी जमीन सारा देत नाही ती खराब, हा जमाबंदीचा हिशेब होता. एकविसाव्या शतकात तो हिशेबच जमिनीचे वर्णन होऊन बसला. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या अभ्यासाने ओसाडपणाचा दावा नाकारला, आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पाहणीने परिसरातील जैवविविधतेकडे लक्ष वेधले. पुढे २०२२ साली याच तालुक्यातील बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे येथील कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. ओसाड म्हणविल्या गेलेल्या सड्याचाच हा भाऊबंद कातळ.

तमिळमध्ये ‘पोरम्बोक्कु’ या महसुली संज्ञेचा प्रवास असाच झाला. आकारणीबाहेरची, म्हणून सर्वांची असलेली जमीन, म्हणजे तळ्याची कड, चराई, किनारा, असा तिचा व्यवहार. बोलीत मात्र ती कवडीमोलाच्या माणसाला उद्देशून वापरायची शिवी बनली. मराठीत ‘पोटखराबा’ शिवीपर्यंत पोहोचला नाही, हाच काय तो फरक.

भाषेचा प्रश्न कार्यपद्धतीतही होता. २००६ च्या पर्यावरण-आघात अधिसूचनेनुसार जनसुनावणीपूर्वी किमान तीस दिवसांची सूचना आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध असणे आवश्यक आहे. माडबनची जनसुनावणी १६ मे २०१० रोजी झाली. मराठी अहवाल वेळेत आणि सर्व गावांना मिळालाच नाही, हा तेथील मुख्य आक्षेप होता. २८ नोव्हेंबरला ३५ अटींसह पर्यावरणीय मंजुरी मिळाली, आणि साधारण आठवडाभरानंतर फ्रेंच राष्ट्राध्यक्षांच्या दिल्ली-भेटीत करारावर सह्या झाल्या. या क्रमाकडे पाहता, माडबनच्या लोकांनी सुनावणीला ऐकून घेण्याचा विधी मानले असेल, तर त्यांना दोष देता येत नाही. त्यांच्यापुढे तारापूरचा अनुभव होता. तेथील विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठविली गेली होती. एप्रिल २०११ मध्ये तारापूर ते जैतापूर यात्रा काढण्यात आली ती त्या नात्याने, आणि ती वाटेतच अडविण्यात आली.

तोवर विरोधाचे केंद्र सड्यावरून समुद्राकडे सरकले होते. साखरीनाटे हे खाडीपलीकडचे, प्रामुख्याने मुस्लिम मच्छीमारांचे बंदर. येथील कोणाची जमीन संपादित झाली नव्हती, म्हणून ‘प्रकल्पग्रस्त’ या संज्ञेत हे लोक बसतच नव्हते. ही संज्ञा मुख्यतः सातबाऱ्याशी बांधलेली, आणि समुद्राला सातबारा नाही. संच थंड करण्यासाठी उपसलेले पाणी सुमारे पाच अंश अधिक उष्ण होऊन रोज समुद्रात परतणार, आणि सुरक्षेच्या कारणाने मासेमारीचे क्षेत्र आक्रसणार, ही त्यांची चिंता कोणत्याही मोबदल्याच्या तक्त्यात रकाना म्हणून नव्हती. माडबनचे आंबा-बागायतदार आणि नाट्याचे मच्छीमार, म्हणजे दोन धर्म आणि दोन व्यवसाय, या काळात एकत्र आले. डिसेंबर २०१० मध्ये पोलिसांच्या वाहनाची धडक बसून एका स्थानिकाचा मृत्यू झाला. १८ एप्रिल २०११ रोजी, फुकुशिमाच्या अपघातास जेमतेम पाच आठवडे होत असताना, नाटे येथे झालेल्या गोळीबारात एक तरुण मच्छीमार मारला गेला.

समुद्राच्या या अनुल्लेखाला देशाच्या दक्षिण टोकाला आधीच उत्तर दिले गेले होते. राजीव गांधी आणि गोर्बाचेव्ह यांनी नोव्हेंबर १९८८ मध्ये कुडनकुलमचा करार केला, आणि लगोलग १ मे १९८९ रोजी पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरून निघालेला मच्छीमारांचा मोर्चा कन्याकुमारीस पोहोचला. पाणी वाचवा, जीवन वाचवा, असा त्याचा आशय होता. पोलिसांनी गोळीबार केला तो याच मोर्चावर. म्हणजे समुद्राची दुर्दशा आणि अणुवीज यांचा संबंध मच्छीमार संघटनांनी फुकुशिमापूर्वी बावीस वर्षे जोडला होता. सोव्हिएत संघाच्या विघटनामुळे प्रकल्प रखडला, बांधकाम २००२ मध्ये सुरू झाले. पहिल्या दोन संचांची मंजुरी १९८९ ची, जनसुनावणीच्या नियमाआधीची, म्हणून त्यांची सुनावणी झालीच नाही.

२०११ च्या उन्हाळ्याअखेर पहिल्या संचाच्या चाचणीचा आवाज आणि वाफ गावांनी प्रत्यक्ष अनुभवली. सप्टेंबरात इडिंतकरै येथे १२७ जणांनी उपोषण केले, आणि चर्चसमोरचा मांडव पुढे दीर्घकाळ आंदोलनाचे ठिकाण राहिला. त्यात स्त्रियांचा वाटा मोठा होता. सत्तेने येथे जो शब्द पुढे केला तो ‘भीती’. लोक परकीय पैशाने भडकविले गेले आहेत, असे पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये एका मुलाखतीत सुचविले. त्याच वर्षी बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील तज्ज्ञांकडून गावकऱ्यांच्या समुपदेशनाचा घाट घातला गेला. हजारोंवर राजद्रोहाचे गुन्हे आणि त्याच लोकांना मानसोपचार, ही जोडी विचित्र आहे : राजद्रोहाला हेतू लागतो, आजाराला तो नसतो. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१३ च्या निकालात भीती रास्त असू शकते हे मान्य केले, पण प्रकल्पाच्या उपयुक्ततेपुढे ती गौण ठरविली. जुलैत पहिला संच कार्यान्वित झाला.

त्याच वर्षी जैतापुरात मोबदला हेक्टरी साडेबावीस लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आला, आणि बऱ्याच जमीनमालकांनी धनादेश स्वीकारले. त्यास फितुरी म्हणणे अन्यायाचे होईल. ओसाड म्हटल्या गेलेल्या जमिनीस किंमत मिळाली, म्हणजे वादातील एक मुद्दा शासनाने आकड्यात का होईना मान्य केला. साखरीनाट्याकडे तसा आकडा नव्हता. तेथील विरोध टिकला याचे कारण निव्वळ चिवटपणा नसून, त्यांची हानी ज्या भाषेत मोजता आली असती ती भाषाच उपलब्ध नव्हती.

प्रकल्प अडला तो केवळ या विरोधाने, असेही नाही. २०१० चा दायित्व कायदा, फ्रान्समधील फ्लामांव्हिलच्या त्याच जातीच्या संचाला झालेला दीर्घ विलंब, अरेव्हा कंपनीची आर्थिक घसरण, विजेच्या दराचा न सुटलेला प्रश्न, हे सारे त्यात आहे. काम ईडीएफ या दुसऱ्या फ्रेंच कंपनीकडे गेले. तिने एप्रिल २०२१ मध्ये सहा संचांचा तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव दिला. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीजनिर्मितीचे उद्दिष्ट जाहीर झाले. माडबनच्या सड्यावर मात्र अद्याप एकही संच उभा राहिलेला नाही, आणि नाट्याच्या होड्या जैतापूरच्या खाडीतून समुद्रात जातच आहेत.