फीचं ओझं कुणाच्या डोक्यावर?

पुण्यात १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज निघालं. गोखल्यांसारख्यांनी महिना ७५ रुपयांवर २० वर्षं शिकवायचं वचन दिलं. शिक्षण स्वस्त राहावं म्हणून झळ मास्तरांनी सोसली.

१९८३ला वसंतदादांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. गावाकडच्या पोरांना जागा मिळाल्या, हे मान्यच. पण खर्च पालकांवर आला.

२००१ला बँकांची शैक्षणिक कर्ज योजना आली. आता ओझं पोराच्या डोक्यावर, सोबत बापाचीही सही. कोर्स संपून वर्ष झालं की हप्ता सुरू, नोकरी लागो न लागो.

म्हणून ॲडमिशन घेताना फी विचारता तसं हेही विचारा: मागच्या बॅचला नोकऱ्या किती लागल्या, पगार किती?