लिनक्सचा गाभा आणि स्मार्टफोनची मालकी

पेण व रोहा येथील बाजारपेठांत विकल्या जाणाऱ्या बहुतेक स्मार्टफोनांत लिनक्सचा गाभा असतो. कारण अँड्रॉइड ही प्रणाली त्याच गाभ्यावर उभारलेली आहे. असे असूनही संगणकावर चालणारी डेबियनसारखी लिनक्स प्रणाली त्याच फोनवर बसवू गेल्यास सहसा यश येत नाही. हा विरोध कसा उत्पन्न झाला, याचा ऐतिहासिक विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकी येथे हा गाभा रचला, तो वैयक्तिक संगणकासाठी. १९८१ च्या आयबीएम संगणकापासून या यंत्रांची घडण बरीचशी एकसारखी होत गेली होती. त्यामुळे लिनक्सची एकच प्रत निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालू शके. स्मार्टफोनची गोष्ट निराळी. त्याच्या चिपवरील बहुतेक भाग आपली ओळख स्वतः देत नाहीत. कोणता भाग कोठे जोडला आहे, याचे वर्णन गाभ्याला प्रत्येक मॉडेलसाठी वेगळे पुरवावे लागते. ड्रायव्हर बहुधा गाभ्याच्या एका विशिष्ट आवृत्तीपुरतेच लिहिलेले असतात, आणि मोडेमची आज्ञावली गुप्त राहते. परिणामी पडदा उजळला तरी कॅमेरा चालत नाही, बॅटरी लवकर संपते, किंवा फोनच लागत नाही.

दुसरे कारण परवान्याचे आहे. लिनक्सने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या जीपीएल परवान्यानुसार गाभ्याची संहिता ग्राहकास उपलब्ध करून देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. तथापि बदललेली संहिता त्याच यंत्रावर बसविता आली पाहिजे, अशी अट जून २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत प्रथम स्पष्टपणे आली. टोरव्हाल्ड्स दुसऱ्या आवृत्तीवरच राहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अँड्रॉइडची घोषणा झाली. संहिता वाचण्याचा अधिकार अशा रीतीने ग्राहकापर्यंत पोहोचला. बूटलोडरचे कुलूप मात्र कंपनीच्या हाती राहिले.

निराळा मार्ग शोधण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. मोटोरोलाने २००३ मध्ये लिनक्सवर चालणारा ए७६० हा फोन काढला. नोकियाचा एन९०० (२००९) संगणकावरील लिनक्सच्या पुष्कळच निकट होता. परंतु २०११ मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टची प्रणाली पत्करली. कॅनॉनिकलने २०१३ मध्ये जाहीर केलेला उबुंटू फोनचा उपक्रम २०१७ मध्ये सोडून दिला. पुढे तो स्वयंसेवकांनी चालू ठेवला.

भारतात इंटेक्सने २०१४ मध्ये फायरफॉक्स ओएसवर चालणारा फोन १,९९९ रुपयांस आणला. पण पुढच्याच वर्षअखेरीस मोझिलाने अशा फोनांचा नाद सोडला. त्याच प्रणालीपासून निघालेली कायओएस ज्या जिओफोनमध्ये होती, त्याची घोषणा रिलायन्सने २१ जुलै २०१७ रोजी केली. याच उद्योगसमूहाचा पेट्रोरसायन प्रकल्प रोहा तालुक्यात नागोठणे येथे आहे. १,५०० रुपयांच्या परतीच्या अनामतीवर मिळणाऱ्या या फोनमुळे लिनक्सचा गाभा सामान्य कुटुंबांपर्यंत गेला. परंतु व्हॉट्सॲप त्यावर यावयास सप्टेंबर २०१८ उजाडला, आणि जून २०२४ मध्ये कायओएसवर ते नव्याने उतरवून घेण्याची सोय बंद झाली. प्रणाली कोणतीही असो, तिचे आयुष्य दुसऱ्या कंपनीच्या ॲपवर अवलंबून राहते, हे यावरून दिसून येते.

येथे प्रश्न केवळ तंत्राचा उरत नाही. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यात किंवा रोह्याच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्या माणसाने घेतलेला फोन यंत्र म्हणून धडधाकट असतानाही कंपनीची अद्यतने थांबली की असुरक्षित होतो, आणि पुढे निरुपयोगी ठरतो. संगणक जुना झाला तर त्यावर लिनक्स बसवून तो आणखी काही वर्षे वापरता येतो. ही सोय फोनच्या मालकास क्वचितच मिळते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या पोस्टमार्केटओएसने फोनला दहा वर्षांचे आयुष्य देण्याचे ध्येय पुढे ठेवले आहे. परंतु प्रत्येक मॉडेलसाठी स्वतंत्र खटपट करावी लागत असल्याने या कामाची गती मंद आहे.

सारांश, गाभा मुक्त असणे आणि यंत्र मुक्त असणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली गोष्ट १९९२ मध्ये साधली. दुसरी अद्याप साधावयाची आहे.