आगबोटीवर मांडलेला संसार

पवित्र शास्त्रातील तोबितच्या पुस्तकात एका विवाहाची कथा आहे. तरुण तोबिया परमुलखात जातो, तेथे साराशी त्याचे लग्न होते, चौदा दिवस मेजवानी चालते आणि मग नववधू आईवडिलांच्या पाया पडून पतीबरोबर दूरच्या निनवे नगरीची वाट धरते. विवाहाच्या मिस्साबलीत या दोघांची प्रार्थना अनेकदा वाचली जाते. तिच्या पुढचा प्रसंग मात्र आपण फारसा लक्षात ठेवत नाही. साराची आई जावयाच्या हाती लेक सोपवते आणि तिला कधी दुखवू नकोस, असे विनवते. परदेशी निघालेल्या प्रत्येक नववधूच्या आईने हीच विनवणी केलेली आहे.

आपल्या किनाऱ्यावरील अशा मातांची संख्या थोडी नव्हती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोव्यातील, तसेच मुंबईत स्थायिक झालेल्या गोवेकर कुटुंबांतील कितीतरी मुली अंगावरची हळद वाळते न वाळते तोच आगबोटीत बसून पूर्व आफ्रिकेस गेल्या. त्यांच्या पतींच्या नोकऱ्यांची नोंद सरकारी दप्तरांत आहे. ज्यांनी त्या परक्या भूमीत चूल मांडली, त्या स्त्रियांची नोंद मात्र बहुधा जहाजाच्या उतारूंच्या यादीतील एका ओळीपुरतीच. त्या ओळीमागे दडलेला इतिहास आपण थोडक्यात पाहू.

ओळखीचा समुद्र

आफ्रिकेचा पूर्व किनारा कोकणाला कधीच परका नव्हता. गोव्याकडे येताना संत फ्रान्सिस झेवियर यांनी १५४१-४२ चा हिवाळा मोझांबिक बेटावर रुग्णांच्या सेवेत घालवला आणि पुढे ते मालिंदीलाही थांबले. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्याहूनच चालत असे. परंतु सर्वसामान्य गोवेकर मोठ्या संख्येने तिकडे वळला तो वाफेच्या जहाजांमुळे. १८७२ मध्ये ब्रिटिश इंडिया कंपनीने एडन ते झांझिबार अशी टपालबोट सुरू केली. पाठोपाठ १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोव्याचे मीठ आणि जकात इंग्रजांच्या ताब्यात गेली. गावागावांतील मिठागरांवर जगणारी कुटुंबे अडचणीत आली आणि तरुणांचे पाय घराबाहेर वळले.

त्याच सुमारास इंग्रजांनी पूर्व आफ्रिकेत आपले राज्य उभारावयास घेतले होते. १८९६ मध्ये मोंबासाहून युगांडा रेल्वेचे काम सुरू झाले, १८९९ मध्ये रूळ नैरोबीला पोहोचले आणि १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी गेले. नऊशे किलोमीटरहून लांब असलेल्या या मार्गासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेण्यात आले. त्यांत बहुसंख्य पंजाबी होते आणि सुमारे २,५०० जणांना तेथेच मृत्यूने गाठले. रेल्वेबरोबर कचेऱ्या आल्या आणि कचेऱ्यांबरोबर कारकून. हिशेब चोख ठेवणारा, इंग्रजी व पोर्तुगीज लिहू-वाचू शकणारा, साहेबाच्या स्वयंपाकघरातील कोणत्याही पदार्थाचा विटाळ न मानणारा गोवेकर ख्रिस्ती इंग्रजांना सोयीचा वाटला. कारकून, जकात खात्यातील नोकर, शिंपी, आचारी, पाववाले, वादक अशा नाना नात्यांनी तो तिकडे रुजला. डॉ. रोझेंदो आयरिश रिबेरो यांनी १९०० मध्ये नैरोबीत वैद्यकी सुरू केली. झेब्र्यावर स्वार होऊन रुग्णांकडे जाणारा हा डॉक्टर तेथील लोककथांचाच भाग होऊन गेला.

रजा आणि लग्न

आरंभीची वर्षे एकट्या पुरुषांची होती. हिवताप, काळा ताप, १९०२ मध्ये नैरोबीच्या बाजारात आलेला प्लेग अशा ठिकाणी बायकामुले नेण्यास कोणी धजत नसे. पुढे वस्ती स्थिरावली, डॉक्टर आले, देवळे आणि शाळा उभ्या राहिल्या, तेव्हा संसार नेणे शक्य झाले.

सरकारी नोकराला काही वर्षांच्या सेवेनंतर काही महिन्यांची दीर्घ रजा मिळे. या रजेतच सारे उरकावे लागे. आईवडिलांनी दोन-तीन स्थळे पाहून ठेवलेली असत. मुलगा गावी पोहोचला की बोलणी, चर्चमधील तीन रविवारच्या घोषणा, रोस, लग्न आणि पाहुणचार एकामागोमाग एक होत. रजा उपवासकाळात सापडली तर ईस्टरपर्यंत थांबणे भाग पडे आणि तेवढे सहजीवनाचे दिवस मायदेशी कमी होत. गोव्यात ज्याला ‘आफ्रिकार’ म्हणत, त्या नोकरदार वराला लग्नाच्या बाजारात मोठा मान होता. मुलीला मात्र आपल्या होणाऱ्या पतीची ओळख बहुधा एका छायाचित्रापुरती आणि काही भेटींपुरती असे. माहेरची रीत म्हणून लग्नानंतर काही दिवसांनी परत जाण्याची वाट येथे नव्हती. पुढची भेट पतीच्या पुढच्या रजेवर अवलंबून, म्हणजे काही वर्षांनी होई. तोपर्यंत आई असेल की नाही, हे कोणी सांगावे?

समुद्रावरील दिवस

मुंबईहून किंवा मार्मागोव्याहून बोट सुटे. १९३८ मधील ‘आम्रा’, नंतर १९४७-४८ मध्ये बांधलेल्या ‘कंपाला’ आणि ‘करंजा’ ही नावे आफ्रिकेस गेलेल्या कुटुंबांत घरच्या माणसांसारखी घेतली जात. आठ-दहा दिवसांचा, क्वचित त्याहून अधिक, असा तो प्रवास. पैसे असणाऱ्यांना खोली मिळे. बाकीचे डेकवर वळकट्या पसरत, ट्रंकांचा आडोसा करत आणि उघड्या आभाळाखाली आपला संसार मांडत. पावसाळ्यात समुद्र खवळला की नव्या नवरीला मळमळीने डोके वर काढता येत नसे. कालपरवा ओळख झालेल्या पतीने तिला पाणी द्यावे, तिचे केस आवरावेत, हीच अनेक जोडप्यांची खरी पहिली ओळख. विवाहाच्या दिवशी वेदीपुढे दिलेल्या ‘सुखात आणि दुःखात’ या वचनाची परीक्षा इतक्या लवकर येईल, असे त्यांना वाटले नसेल.

हा समुद्र नेहमीच दयाळू नव्हता. २३ नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेली ‘तिलावा’ जपानी पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली आणि २८० जणांना जलसमाधी मिळाली. वाचलेल्या ६७८ जणांपैकी बहुतेकांना ‘बर्मिंगहॅम’ या युद्धनौकेने २७ तारखेस मुंबईस परत आणले. महायुद्धाच्या त्या वर्षांत मुंबई आणि मोंबासा यांच्यामध्ये किती पत्नी आणि किती पती एकमेकांच्या पत्राची वाट पाहत राहिले असतील, याची कल्पनाच करावी.

नवे घर

मोंबासाला उतरल्यावर पहिला दिलासा किनारा देई. तेच माड, तेच आंबे, तीच काजूची झाडे. बाजारात गेले तर दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’, पैशाला ‘पेसा’, लोणच्याला ‘आचारी’ म्हणतात हे ऐकून नवरीच्या ओठांवर हसू फुटे. हिंदी महासागराने शतकानुशतके इकडचे शब्द तिकडे नेऊन ठेवले होते. त्यानंतर मात्र रात्रभराची आगगाडी. सकाळी डोळे उघडावेत तो खिडकीबाहेर झेब्रे आणि हरणांचे कळप, दूरवर एकही घर नाही आणि अंगात कधी न अनुभवलेली थंडी.

नैरोबीत पांगानी किंवा ईस्टलीसारख्या वस्त्यांत आपली माणसे भेटत. परंतु पतीची बदली एखाद्या आडबाजूच्या ठाण्यावर झालेली असली, तर मैलोगणती आपली भाषा बोलणारी दुसरी स्त्री नसे. पती सकाळी कचेरीत गेला की संध्याकाळपर्यंत भिंतींशी बोलायचे. नारळाविना आमटी आणि ताज्या मासळीविना शुक्रवार कसा करावा, हे शिकावे लागे. पहिले बाळंतपण आईविना होई. शेजारची पंजाबी किंवा गुजराती बाई अशा वेळी धावून येई. भाषा निराळी, धर्म निराळा, परंतु बाळंतिणीला काय हवे हे सांगावे लागत नसे.

आधार होता तो श्रद्धेचा. त्या काळी मिस्साबली सर्वत्र लॅटिन भाषेतच होई. त्यामुळे परक्या देशातील परक्या धर्मगुरूच्या मुखातून जे शब्द येत, ते अगदी तिच्या गावच्या देवळातले असत. झांझिबारचे संत जोसेफ कॅथीड्रल असो वा नैरोबीतील संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नावाचे देऊळ, तेथे गुडघे टेकल्यावर काही क्षण तरी ती माहेरी असे. रात्री दोघांनीच म्हटलेली जपमाळ, डिसेंबरच्या तीन तारखेचा सण, नाताळच्या नेवऱ्या आणि दोदोल यांतून परमुलखात एक धर्मग्राम उभे राहिले. ते उभारण्यात या स्त्रियांचा वाटा पुरुषांइतकाच, किंबहुना अधिक होता.

मधली पायरी

इतिहास लिहिताना केवळ गौरव करून चालत नाही. वसाहतीच्या समाजात तीन पायऱ्या होत्या. वर गोरे, मध्ये आशियाई आणि तळाशी त्या भूमीचे धनी असलेले आफ्रिकन. शाळा, रुग्णालये, वस्त्या या साऱ्यांची विभागणी वर्णावर केलेली होती. आपली माणसे मधल्या पायरीवर होती. वरच्या पायरीचा अपमान त्यांना झोंबे, खालच्या पायरीचा अपमान मात्र फार थोड्यांच्या लक्षात येई. आपले मूल जिच्या कडेवर वाढत होते, त्या आफ्रिकन आयेचे स्वतःचे मूल दूरच्या खेड्यात आजीपाशी होते. हे किती घरांनी मनावर घेतले, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

दुसरे शल्य घरचेच होते. १९०५ मध्ये नैरोबीत गोवन इन्स्टिट्यूट स्थापन झाले. पुढे आणखी क्लब निघाले. शिंप्यांची संस्था वेगळी, कारकुनांचा क्लब वेगळा. ज्या जातिभेदाला बाप्तिस्म्याच्या पाण्यात जागा नाही, तो आपण ट्रंकेत घालून समुद्रापार नेला. एकाच वेदीसमोर कम्युनियन घेणारी माणसे संध्याकाळी निरनिराळ्या दारांतून आत जात.

पाच महिन्यांचा संसार

या भिंती ओलांडणारेही होते. नैरोबीत १९२७ मध्ये जन्मलेले आणि हिंदुस्थानात शिकलेले पिओ गामा पिंटो यांनी केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यात उडी घेतली. जानेवारी १९५४ मध्ये एम्मा डायस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पाचच महिन्यांनी, जूनमध्ये, इंग्रज सरकारने त्यांना अटक केली आणि किनाऱ्याजवळच्या मांडा बेटावर स्थानबद्ध केले. त्यांच्यावरील निर्बंध पूर्णपणे उठेपर्यंत १९५९ साल उजाडले. नवपरिणीत एम्मा यांच्या वाट्याला संसाराऐवजी प्रतीक्षा आली. देश १२ डिसेंबर १९६३ रोजी स्वतंत्र झाला. परंतु २४ फेब्रुवारी १९६५ रोजी घराच्या आवारातच पिंटो यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यांची तान्ही मुलगी तेव्हा गाडीत होती. १९६७ मध्ये एम्मा तीन मुलींना घेऊन कॅनडास गेल्या आणि तेथे त्यांनी पुन्हा पहिल्यापासून आयुष्य उभारले. पतीच्या निष्ठेची किंमत पत्नीने चुकवली, हे हौतात्म्याच्या इतिहासात क्वचितच लिहिले जाते.

दुसरा निरोप

स्वातंत्र्याबरोबर अनेकांपुढे प्रश्न उभा राहिला, आपण कोण? १९६१ पर्यंत गोव्यात जन्मलेले पोर्तुगीज प्रजाजन होते, काहींनी ब्रिटिश पारपत्र घेतले होते, काहींनी नव्या देशांचे नागरिकत्व स्वीकारले. जानेवारी १९६४ मधील झांझिबारच्या क्रांतीने तेथील वस्ती विखुरली. १९६८ मध्ये ब्रिटनने आपल्याच पारपत्रधारक आशियाईंच्या प्रवेशावर कडक निर्बंध घातले. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाच्या इदी अमीनने आशियाईंना नव्वद दिवसांत देश सोडण्यास फर्मावले. सत्तावीस हजारांहून अधिक लोक ब्रिटनला आणि सुमारे सहा हजार कॅनडाला गेले. त्यांत ज्या स्त्रिया कधीकाळी नववधू म्हणून एक ट्रंक घेऊन उतरल्या होत्या, त्या आता आजीच्या वयात पुन्हा एका पेटीनिशी निघाल्या. पहिल्या वेळी बंदरावर निरोप देणारी आई होती. दुसऱ्या वेळी निरोप देणारे कोणी नव्हते, मागे फक्त कबरी होत्या.

आज आपल्या धर्मग्रामांतील मुले-मुली लग्नानंतर आखातात, युरोपात, कॅनडात जात आहेत. विमानाने एका दिवसात पोहोचतात, सायंकाळी आईचा चेहरा पडद्यावर पाहतात. प्रवास सोपा झाला. पण परक्या घराच्या पहिल्या रात्रीची शांतता सोपी झालेली नाही. पती कामावर गेल्यावरची दुपार आजही तितकीच लांब आहे. आफ्रिकेस गेलेल्या त्या जोडप्यांनी आपल्याला दोन गोष्टी शिकवून ठेवल्या आहेत. एक, परदेशी संसार टिकतो तो पगारावर नव्हे, तर एकमेकांच्या काळजीवर आणि शेजाऱ्याच्या आधारावर. दोन, जाताना पेटीत काय भरायचे नाही, हेही ठरवावे लागते. घरचा अहंकार आणि भेदाभेद येथेच ठेवावेत.

तोबियाच्या सोबतीला वाटेवर रफाएल होता आणि तो देवदूत आहे हे त्याला शेवटपर्यंत कळले नव्हते. आडगावच्या ठाण्यावर बाळंतिणीसाठी धावून आलेल्या त्या शेजारणीचे नावही कोणत्या दप्तरात नाही. आपल्या घरात आफ्रिकेच्या, आखाताच्या वा आणखी कोठल्या प्रवासाची जुनी पत्रे, छायाचित्रे, बोटीची तिकिटे पेटीच्या तळाशी असतील, तर ती बाहेर काढावीत. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना त्या पहिल्या वर्षाविषयी विचारावे आणि त्या सांगतील ते लिहून ठेवावे. उतारूंच्या यादीतील त्या एका ओळीला मग कुठे मुलेबाळे, चूल आणि आवाज मिळेल.