विनावॉरंट झडती व जप्ती

न्यायदंडाधिकाऱ्याचे झडती-वॉरंट नसताना पोलिसांनी घर, दुकान, वाहन किंवा अंग तपासणे आणि सापडलेली वस्तू ताब्यात घेणे. 1 जुलै 2024 पासून हा अधिकार मुख्यतः भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 खाली येतो. त्याआधी 1973 ची फौजदारी प्रक्रिया संहिता लागू होती.

घरझडतीची मुख्य तरतूद कलम 185 (जुने 165). तपासाला हवी असलेली वस्तू आपल्या हद्दीत अमुक ठिकाणी आहे आणि झडतीवाचून ती वेळेत मिळणार नाही, असे मानण्यास वाजवी कारण असेल, तर ठाणेदार किंवा तपासी अधिकारी थेट झडती घेऊ शकतो. मात्र ते कारण आणि शक्यतो शोधायची वस्तूही त्याने आधी लिहून ठेवायची असते. त्या नोंदीची प्रत 48 तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे जाते. घरमालकाने अर्ज केल्यास त्यालाही ती विनामूल्य मिळते. या कलमाचा सारा प्राण त्या लेखी कारणात आहे. ते मागाहून भरले, तर नागरिकाच्या हाती काही उरत नाही.

कलम 106 (जुने 102) प्रमाणे चोरीची किंवा संशयास्पद स्थितीत सापडलेली मालमत्ता कोणताही पोलीस अधिकारी जप्त करू शकतो. बँक खातेही त्यात मोडते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये तापस नियोगी प्रकरणात ठरवले. घर-जमीन मोडत नाही, असे 2019 मध्ये नेवाडा प्रॉपर्टीज प्रकरणात. दोन्ही खटल्यांत महाराष्ट्र राज्य पक्षकार होते.

वाहनझडतीचे उदाहरण घ्या: अमरावतीजवळ मुंबई–नागपूर–कोलकाता महामार्गावर नांदगाव पेठ आहे. इथला टोलनाका आणि औद्योगिक वसाहत यांमुळे मालवाहतूक मोठी. अशा रस्त्यावरच्या नाकाबंदीत गांजाचा संशय आला, की 1985 चा अंमली पदार्थ कायदा लागू होतो, आणि तो अधिक कडक आहे. सार्वजनिक जागी व सार्वजनिक वाहनात कलम 43 पुरते. पण रस्त्यावर उभी असली तरी खासगी गाडी ‘सार्वजनिक वाहन’ ठरत नाही. तिला कलम 42 लागते: मिळालेली खबर लिहून 72 तासांत वरिष्ठाला कळवणे, आणि सूर्यास्तानंतर वॉरंट का आणता आले नाही याची नोंद ठेवणे. हे न पाळल्यामुळेच 2021 मध्ये बूटा सिंग प्रकरणातील आरोपी सुटले. अंगझडती असेल, तर राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर ती घेण्याचा हक्क त्या माणसाला आधी सांगावाच लागतो. पिशवी वा गाडीला हा नियम नाही.

इतर गुन्ह्यांत मात्र झडती सदोष असली, तरी केवळ त्यामुळे जप्ती रद्द होत नाही (महाराष्ट्र राज्य वि. नटवरलाल सोनी). कायद्यातली ही मोठी उणीव आहे, कारण नियम मोडणाऱ्याला त्यातून फारसा धाक उरत नाही.

घरझडतीला त्या भागातले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच लागतात; स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 ने आता दृक्‌श्राव्य चित्रीकरण सक्तीचे केले आहे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवावे लागते.

जप्त गाडी सोडवण्यासाठी न्यायालयात अर्ज करून सुपुर्दनाम्यावर ती मागता येते. वाहने ठाण्याच्या आवारात दीर्घकाळ पडून राहू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सुंदरभाई देसाई प्रकरणात बजावले आहे. घरमालकाला घरझडतीच्या वेळी हजर राहण्याचा आणि पंचांच्या सह्यांची जप्तीची यादी मिळण्याचा हक्क आहे. ती यादी मागून घ्यावी.