लाळेची साक्ष

तोंडांत लाळ आहे तोंवर तिची आठवण कोणालाहि होत नाहीं. घास सुखानें गिळला जातो, बोलतांना जीभ टाळूला चिकटत नाहीं, दांत सहसा किडत नाहींत. हें सारें दिवसाकाठीं अर्धा ते दीड लिटर स्रवणाऱ्या या लाळेमुळें. मराठींत तर 'लाळघोटेपणा' या शब्दानें तिची उगीच बदनामी करून ठेविली आहे. ती आटली म्हणजे मात्र भाकरीचा कोरडा तुकडा पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाहीं, आणि रात्रीं पाण्यासाठीं उठावें लागतें. हें गाऱ्हाणें सांगणाऱ्या रोग्यांत स्त्रियांचाच भरणा मोठा. दहांत नऊ म्हटलें तरी चालेल. वैद्यकाच्या दफ्तरांत त्यांची नोंद फार उशिरां झाली.

१८८८ सालीं लंडनच्या एका वैद्यकसभेपुढें हॅडन यांनीं कोरडें तोंड व अश्रुहीन डोळे असलेल्या एका स्त्रीची हकीगत मांडली. त्याच सालीं पूर्व प्रशियांतील क्योनिग्सबर्ग येथें शस्त्रवैद्य मिकुलिच यांनीं ४२ वर्षांच्या एका शेतकऱ्याचें दुखणें सभेंत निवेदन केलें. त्याच्या अश्रुग्रंथी व लाळग्रंथी दोन्ही बाजूंनीं सुजल्या होत्या. सुकलेलें तोंड आणि सुजलेल्या ग्रंथी यांचें कांहीं नातें असेल, हें तेव्हां कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

हें नातें जुळण्यास आरंभ झाला तो स्वीडनमध्यें. हेन्रिक शोग्रेन (१८९९–१९८६) हा तरुण नेत्रवैद्य स्टॉकहोम येथें काम करीत असतां १९३० च्या सुमारास त्याच्याकडे एक स्त्री आली. तिचे डोळे कोरडे, तोंड कोरडें, आणि सांधेहि धरलेले. दुसऱ्या एखाद्या वैद्यानें डोळ्यांत थेंब घालून तिला वाटेस लाविलें असतें. शोग्रेननें तिघांचा मेळ एकत्र पाहिला व तशाच आणखी स्त्रिया हुडकून काढिल्या. १९३३ सालीं त्यानें जर्मन भाषेंत प्रबंध सादर केला. त्यांत १९ स्त्रियांचा वृत्तांत होता, आणि त्यांपैकीं १३ जणींना संधिवात होता. परीक्षकांना प्रबंध फारसा पसंत पडला नाहीं. त्याला खालचा दर्जा मिळाला, विद्यापीठांतील अध्यापनाचें दार बंद झालें, आणि शोग्रेन यन्शेपिंग गांवच्या इस्पितळांत डोळे तपासूं लागला. १९४३ सालीं ऑस्ट्रेलियांतील नेत्रवैद्य ब्रूस हॅमिल्टन यांनीं प्रबंधाचें इंग्रजी भाषांतर केलें, तेव्हां कोठें जगाचें लक्ष तिकडे वळलें. स्वीडन सरकारनें त्याला प्राध्यापक ही पदवी दिली ती १९६१ सालीं. परीक्षकांचीं नांवें आज कोणास ठाऊक नाहींत. रोगाला नांव मात्र शोग्रेनचें आहे.

१९५३ सालीं मॉर्गन व कॅसलमन या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञांनीं मिकुलिचच्या प्रकारच्या सुजलेल्या ग्रंथी आणि शोग्रेनच्या रोग्यांच्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखालीं ताडून पाहिल्या. चित्र एकच निघालें: शरीराच्या रक्षणार्थ असलेल्या पांढऱ्या पेशी ग्रंथींत शिरून तेथेंच ठाण मांडून बसलेल्या. कुंपणानेंच शेत खावें तसा हा प्रकार.

पण रोग ओळखावा कसा? शिर्मर यांनीं १९०३ सालीं सुचविलेली टिपकागदाची पट्टी डोळ्याची ओल मोजी. पांच मिनिटांत ती पांच मिलिमीटरहि भिजली नाहीं तर संशय घ्यावा. रक्तांतील 'रो' प्रथिनाविरुद्धचीं प्रतिपिंडें पुष्कळांत सांपडतात, सर्वांत नाहीं. १९६८ सालीं ग्लासगोच्या चिशम व मेसन यांनीं खालच्या ओठाच्या आंतून बारीक ग्रंथी कापून घेऊन तींतील पेशींचे थवे मोजण्याची रीत घालून दिली. रीत भरंवशाची खरी, परंतु सोसावें लागतें रोग्याच्या ओठाला. क्वचित् तो भाग पुढें बधिरहि राहतो.

वास्तविक ज्या ग्रंथीचें दुखणें, तिचा स्राव तोंडांतच आहे. तो काय सांगतो? १९७५ सालीं मिकाल्स्की, डॅनिएल्स व टालल यांना रोग्यांच्या लाळेंत बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हें प्रथिन वाढलेलें आढळलें. बत्तीस वर्षांनीं, २००७ सालीं, लॉस एंजेलिस येथील डेव्हिड वाँग यांच्या प्रयोगशाळेनें लाळेंतील प्रथिनांबरोबरच आर. एन. ए. चे संदेशहि वाचले; त्यांत शरीर विषाणूंशीं झुंजतांना उठतो तसा इंटरफेरॉनचा कोलाहल ऐकूं आला. २०१० सालीं त्याच गटानें कॅथेप्सिन डी, अल्फा-एनोलेज आणि तेंच जुनें बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन या तीन प्रथिनांनीं हे रोगी निरोगी माणसांपासून व ल्यूपसच्या रोग्यांपासूनहि वेगळे काढून दाखविले.

अडचण अशी कीं, लाळ ही घड्याळाप्रमाणें व जेवणाप्रमाणें बदलणारी वस्तु. सकाळची निराळी, चिंच पाहून सुटलेली निराळी. शिवाय जिच्या तोंडांत ती उरलीच नाहीं, तिच्याकडेच ती मागावयाची! २०१६ सालीं अमेरिकन व युरोपियन संधिवाततज्ज्ञांनीं मिळून रोग ठरविण्याचे गुण नेमून दिले. चार गुण भरले पाहिजेत. ओठाच्या ग्रंथीला तीन, रक्तांतील प्रतिपिंडाला तीन, डोळ्यांच्या दोन परीक्षांना एकेक. लाळेच्या वांट्याला एकच गुण आला, आणि तोहि तिच्या आंतील मजकुराबद्दल नव्हे, मिनिटाला ०.१ मिलिलिटर किंवा त्याहून कमी स्रवली, एवढ्याबद्दल.